बाविसावी पाटी

"बाई, उद्या ती कोळेकराची हौसा शाळेत नको," घाटगे गुरुजी म्हणाले आणि हजेरीचा कॅटलॉग उघडून माझ्या टेबलावर ठेवला. "आणि इथं एक सही करा."

मी खडूचे हात पदराला पुसले आणि वाकून पाहिलं. चौथीच्या पटावर बाविसाव्या ओळीत 'हौसाबाई बिरा कोळेकर' या नावावर तांबड्या शाईची रेघ होती. पुढं गुरुजींच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'सतत गैरहजर असल्याने नाव कमी केले.' खाली वर्गशिक्षिकेच्या सहीपुरती जागा सोडली होती. आणि ही सतत गैरहजर मुलगी त्या वेळी खिडकीबाहेर लिंबाखाली पहिलीतल्या पोरांचे कान धरून त्यांना ओळीत उभी करत होती.

"गुरुजी, ही तर रोज येते."

"येते ना. तेच तर दुखणं आहे."

तरसवाडीची शाळा दोन खोल्यांची आणि एका अडगळीची. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. साल चौऱ्याऐंशी. मी बावीस वर्षांची, नुकतीच डी.एड. झालेली, एप्रिलपर्यंतच्या तात्पुरत्या ऑर्डरवर आलेली. तपासणीला येणारे विस्तार अधिकारी शेरेबुकात काय लिहितात, त्यावर जूनची ऑर्डर ठरायची. माझ्या पगारावर धाकट्या भावाचं शिक्षण चाललं होतं. हे सगळं गुरुजींना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं.

"सहा वर्षं चौथीचा निकाल शंभर टक्के आहे," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "मला दोन वर्षं राहिलीत. एका पोरीपायी त्यावर डाग नको. आपलं काय आहे बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची."

गुरुजी वाईट माणूस नव्हते. पोरांना स्वतःच्या मळ्यातली बोरं आणून द्यायचे, कुणाला ताप आला की सायकलवर बसवून घरी सोडायचे. पण तपासणी म्हटली की त्यांच्या अंगात वारं शिरायचं.

मी सही केली.

हौसा धनगराची. अकरा वर्षांची, वर्गातल्या सगळ्यांहून हातभर उंच. दिवाळी झाली की तिचं घरदार मेंढरं घेऊन खाली जायचं आणि मिरगाला परतायचं, त्यामुळं तिची शाळा दर वर्षी अर्धीच व्हायची. त्या वर्षी तिचा बाप, बिरा कोळेकर, निघायच्या आधी मला भेटायला आला होता. घोंगडं खांद्यावर, चपला बाहेर काढून दारातच उभा.

"बाई, पोरगी चौथी पास हुईल का?"

"होईल की."

"मग ह्या साली आत्तीकडं ठिवतो. पास झाली तर मोठ्या साळंत घालतो. न्हाय झाली तर मेंढरं हायतीच. मग पुन्यांदा साळंचं नाव काडायचं न्हाय, असं ठरलंय आमचं दोघांचं."

"माझ्यावर सोडा," मी म्हणाले होते. बावीस वर्षांच्या माणसाला असं म्हणायला काही लागत नाही.

आता पटावर नावच नाही म्हटल्यावर एप्रिलच्या परीक्षेला बसायचा प्रश्न मिटला. तीन अक्षरांच्या माझ्या सहीनं मी बिराला दिलेला शब्द पुसून टाकला.

हौसाचं लिहिणं कच्चं होतं, हे खरंच. जसं बोलायची तसं लिहायची, वेलांट्या पडतील तिकडं पडायच्या. पण शब्दांची तिला मोठी हौस. क्रियाविशेषणं शिकवायला मी एक खेळ काढला होता. बिस्किटांच्या पुठ्ठ्यावर शब्द लिहून सुतळीनं पोरांच्या गळ्यात अडकवायचे. एकाच्या गळ्यात 'शांत', एकाच्या 'काळजी', एकाच्या 'आदर'. आणि 'पणे', 'पूर्वक', 'ने' असे प्रत्यय गळ्यात घालून तिघं समोर उभे. मी टाळी वाजवली की ज्यानं त्यानं आपला जोडीदार पकडायचा, जोडीनं फळ्यापाशी यायचं आणि शब्द लिहायचा. 'पणे' कायम हौसाकडं. दुसऱ्या कुणाला दिला तर ती तो काढून घ्यायची. मग ती 'शांत'ला दंडाला धरून असं फरफटत आणायची की सगळा वर्ग खिदळायचा.

आणि 'कन'चे शब्द विचारले तर विचारूच नका. पुस्तकात चार होते, पटकन, चटकन, धाडकन, झटकन. हौसानं एका दमात भुर्रकन, सुळकन, खाडकन, टुणकन, गपकन, सर्रकन असे डझनभर सांगितले. "लांडगा गपकन धरतोय बाई, आन् कोकरू टुणकन उडतंय," वर प्रात्यक्षिकही केलं, बाकावरून उडी मारून.

पण तपासणी आठवड्यावर आली आणि पुठ्ठे कपाटात गेले. गुरुजींकडे एक जुनी वही होती. त्यात आधीच्या साहेबांनी सहा वर्षांत घातलेलं शुद्धलेखन तारखेनिशी उतरवलेलं. दर वर्षी तेच दहा शब्द, त्याच क्रमानं. मुकाट्याने, हळूहळू, शांतपणे, काळजीपूर्वक, पटकन, आनंदाने, नियमितपणे, आदरपूर्वक, चटकन, नम्रपणे.

"पण गुरुजी, साहेब बदललेत ना दिवाळीत?"

"साहेब बदलतात बाई, शब्द बदलत नाहीत."

आठ दिवस पोरांनी पाढ्यासारखे ते दहा शब्द म्हटले आणि रोज पाच वेळा लिहिले. म्हणून घ्यायचं काम माझं. वर गुरुजींनी पोरांना बजावलं, "साहेब भरभर बोलतात. कळलं नाही तर घाबरायचं नाही. इकडंतिकडं बघायचं नाही. साहेब 'एक' म्हणाले की आपला पहिला, 'दोन' म्हणाले की आपला दुसरा."

एकट्या हौसाला ते जमेना. मध्येच विचारायची, "आन् साहेबांनी दुसराच शबूद घातला तर?"

"नाही घालणार."

"पर घातलाच तर?"

"हौसा, खाली बस."

सही करून झाल्यावर संध्याकाळी मी तिला थांबवलं. "उद्या तुला सुट्टी आहे."

"समद्यांना?"

"नाही. तुलाच."

"का वो?"

"तुझी आत्या आजारी आहे ना? तिच्याजवळ थांब."

"आत्तीला काय धाड भरलीया?" ती म्हणाली. "सकाळच्यानं दोन बायकांशी भांडून आलीया."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग दप्तर उचलून निघून गेली. माझी मान त्या दिवशी खाली गेली ती मला अजून आठवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा सारवून तयार होती. फळ्यावर सुविचार, दारात रांगोळी, सरपंचांच्या घरून पोह्यांचा वास. तिसरीची पोरं गुरुजींच्या खोलीत बसवलेली. आणि पहिल्या ओळीत, तेल चोपडून घट्ट वेण्या घातलेली, नवा परकर नेसलेली हौसा मांडी ठोकून बसलेली.

"बाई!" गुरुजींचा चेहरा पांढरा पडला. "ही इथं काय करतेय?"

"शिकायला आलीया," हौसानंच उत्तर दिलं.

तेवढ्यात ओढ्याच्या अंगानं साहेबांची मोटारसायकल वाजली. गुरुजींनी हौसाला हाताला धरून उठवलं, वर्गाला लागून असलेल्या अडगळीच्या खोलीत नेलं आणि दार ओढून बाहेरून कडी घातली. जाताना तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी फळा पुसत होते. फळा स्वच्छच होता.

टिळेकर साहेब पन्नाशीचे, जाडजूड, घामाघूम झालेले. सकाळपासून ही त्यांची तिसरी शाळा. पाणी प्यायले, खुर्चीत बसले, पुस्तक चाळलं आणि म्हणाले, "घ्या पाट्या. शुद्धलेखन. एक, धाडकन."

एकवीस पेन्सिली एकदम करकरल्या.

"दोन, निर्भयपणे. तीन, नाइलाजाने. चार, भुर्रकन."

पोरं कशी डौलात लिहीत होती! कुणी मान वर केली नाही, कुणी शेजारी डोकावलं नाही. गुरुजी खिडकीशी उभे राहून घाम पुसत होते. दहावा शब्द झाला, एकवीस पाट्या टेबलावर आल्या. साहेबांनी वरची पाटी उचलली, मग दुसरी, मग तिसरी. मग त्यांनी सगळ्याच पाट्या जेवणाच्या पंगतीतल्या पत्रावळ्यांसारख्या टेबलावर मांडल्या.

"ये रे इकडं," त्यांनी दत्तू माळ्याला बोलावलं. दत्तू वर्गात पहिला यायचा. "मी पहिला शब्द काय सांगितला?"

"धाडकन, साहेब."

"आणि तू काय लिहिलंस?"

"मुकाट्याने, साहेब."

"का?"

"पहिला हाय म्हणून," दत्तू म्हणाला. त्याच्या दृष्टीनं प्रश्नच मिटला होता.

साहेबांनी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी हात जोडून म्हणाले, "पोरं बावरली साहेब. खेड्यातली आहेत." साहेब चक्क हसायला लागले. "एकवीस मुलं एका ओळीत बावरली! शिस्त मात्र आहे हो तुमच्याकडं." गुरुजीही हसले. "अक्षरही चांगलं आहे," साहेब म्हणाले. "जाऊ द्या. आणा शेरेबुक. पोहे कुठवर आले?"

सुटलो, असं मला वाटलं. अगदी खरं सांगते, देवाला हात जोडले मी मनात. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, आणि अडगळीत काहीतरी धाडकन पडलं.

"काय पडलं?"

"काही नाही साहेब," गुरुजी म्हणाले. "उंदीर आहेत."

पोरं फिसकन हसली. दाराच्या पलीकडं हे ऐकू जात होतं. इकडचा शब्द न् शब्द पलीकडं ऐकू जातो, हे मला पक्कं माहीत होतं, कारण मधलं दार फळ्यांचं होतं आणि फळ्यांत बोटबोट फटी होत्या. उंदीर म्हणाले तिला. आणि मी अजून हातातल्या फडक्याची घडी घालत उभी होते. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गुरुजींचा राग होताच, पण त्याहून जास्त माझा स्वतःचाच आला होता.

"उंदीर नाही साहेब," मी म्हणाले. "माझ्या वर्गातली बाविसावी विद्यार्थिनी आहे."

"बाई!" गुरुजी ओरडले.

मी जाऊन कडी काढली. खाली पृथ्वीचा गोल पडला होता आणि मोडक्या खुर्चीवर हौसा बसली होती. वेण्यांना कोळिष्टकं, मांडीवर एक जुनी, कोपरा तुटलेली पाटी. "चल," मी म्हटलं. ती पाटी छातीशी धरून बाहेर आली.

"हिला आत का ठेवलं होतं?" साहेबांनी विचारलं.

गुरुजींनी झटक्यात कॅटलॉग पुढं केला. "पटावर नाही ती, साहेब. सतत गैरहजर, नाव कमी केलंय. वर्गशिक्षिकेची सही आहे."

साहेबांनी बोट ठेवून ती ओळ वाचली. "सही तुमची?"

"माझीच. खोटी आहे."

"म्हणजे?"

"दिवाळीपासून ही एक दिवस गैरहजर नाही. मागची पानं बघा, रोजची हजेरी मीच मांडलीय. काल मला सही करा म्हणाले आणि मी केली."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांना हे काहीच नको होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "बाई, खोटी सही केली म्हणून स्वतःच्या तोंडानं सांगताय. त्याचा अर्थ कळतो का? तात्पुरत्या ना तुम्ही?"

"तात्पुरतीच आहे."

"मग बसा खाली. मी काही ऐकलं नाही."

"तुम्ही ऐकलंय साहेब. आणि हिचं नाव पटावर आल्याशिवाय मी तुम्हाला शेरा लिहू देणार नाही." एवढं म्हणून मी टेबलावरचं शेरेबुक उचललं आणि काखेत धरलं. कसं उचललं, कुणास ठाऊक.

तेव्हा हौसानं आपली पाटी टेबलावर ठेवली. कुणी मागितली नव्हती. साहेबांनी ती उचलून डोळ्यांजवळ नेली. एक ते दहा आकडे, आणि प्रत्येक आकड्यापुढं साहेबांनीच सांगितलेला शब्द. वेलांट्या उकार बरेच चुकलेले, 'निर्भयपणे' तर ओळखू येईना, पण शब्द तोच. दाराला कान लावून, फटीतून येणाऱ्या उजेडात तिनं सगळं शुद्धलेखन लिहून काढलं होतं.

साहेब पेन्सिलीनं खुणा करत गेले. "दहापैकी चार बरोबर," ते म्हणाले.

"बाकीच्यांचे किती?" मी विचारलं.

साहेबांनी पेन उचललं, तांबड्या रेघेखाली हौसाचं नाव पुन्हा लिहिलं, बाजूला सही ठोकली आणि हात पुढं केला. मी शेरेबुक दिलं. पोहे तसेच राहिले.

पुढच्या आठवड्यात तालुक्याहून माझ्या नावानं मेमो आला. गुरुजींनी तो दोन बोटांत धरून माझ्यापुढं केला, नजर वर केली नाही. मजकूर असा : 'आपण हजेरीपटावर खोटी सही केली व तपासणीचे वेळी वरिष्ठांशी उद्धटपणे वर्तन केले, याबाबत आठ दिवसांत लेखी खुलासा करावा.'

मी तो घेऊन तशीच वर्गात गेले. कपाटातले पुठ्ठे काढले. एका कोऱ्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात 'उद्धट' लिहिलं आणि सुतळी ओवून माझ्या स्वतःच्या गळ्यात घातलं. टाळी वाजवली. सगळ्यांच्या आधी हौसा उठली, 'पणे' गळ्यात अडकवून आली आणि मला दंडाला धरून फळ्यापाशी खेचलं. वर्ग हसून लोळला. पलीकडच्या खोलीत गुरुजींचे पाढे थांबले.

मग मी मेमो हातात धरून मुलांना शुद्धलेखन घातलं, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत.

"बाई, हे कुणाचं वो?" दत्तूनं विचारलं.

"माझं. लिही. वर्तन, त वर रफार."

खुलाशात मी एकच ओळ लिहिली. 'पहिली चूक मी घाबरून केली, दुसरी जाणूनबुजून केली आहे.'

एप्रिलमध्ये हौसा परीक्षेला बसली आणि पास झाली, काठावर का होईना. जूनची माझी ऑर्डर आली नाही. पुढं वर्षभर घरी बसले, मग दुसऱ्या जिल्ह्यात लागले, आणि तीसहून जास्त वर्षं पोरांच्या गळ्यात पुठ्ठे अडकवले. निवृत्तीच्या वेळी, शिक्षकदिनाला, कुठं कुठं ही गोष्ट सांगायला लावतात. साहेबांच्या समोरचं शेरेबुक उचलून काखेत धरलं म्हटलं की टाळ्या पडतात. तिथंच मी थांबत असे. पुढचं कुणाला सांगितलं नव्हतं.

तरसवाडी सोडायच्या दिवशी मी एस.टी.ची वाट बघत फाट्यावर ट्रंकेवर बसले होते. बिरा कोळेकर मेंढरं घेऊन नुकताच परतला होता. तो आणि हौसा मला पोचवायला आले. बिरानं घोंगड्यातून लोकरीची एक लहान गुंडाळी काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"बाई, आमच्या पोरीपायी तुमची नोकरी गेली म्हनं."

"तुमच्या पोरीपायी नाही. माझ्या सहीपायी."

त्याला ते कळलं नसावं. तो मान हलवून मेंढरांकडं वळला. हौसा मात्र तिथंच उभी राहिली. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

"बाई, एक इचारू?"

"विचार."

"तुम्ही ती सही का केली वो?"

तिला ठाऊक होतं. साहेबांचे दहा शब्द तिनं फळ्यांच्या दारातून ऐकले होते, आणि माझी कबुली टेबलाशी उभं राहून. एवढे दिवस तिनं तो प्रश्न जपून ठेवला होता.

"मी घाबरले होते गं," मी म्हणाले.

हौसानं वर पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, पण माफीही नव्हती.

"म्या बी घाबारले हुते त्या खोलीत," ती म्हणाली. "पर लिवलं न्हवं?"

एस.टी. आली. तिनंच माझी ट्रंक उचलून वर चढवली.